नवी इमारत पूर्वाभिमुख आहे, पण खिडकीसमोर काय आहे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमधली तळमजला अधिक तीन मजल्यांची तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. नव्या इमारतीत खाली पार्किंग आणि वर चौदा मजले येणार आहेत. पश्चिमेला कुंपणापलीकडे बावीस मजली टॉवर आधीच उभा आहे. डेव्हलपरचे आर्किटेक्ट सांगतात की इमारत पूर्वाभिमुख आहे, पुण्यात वारा पश्चिमेचा आहे, पर्यावरणपूरक इमारतीचं ग्रीन रेटिंगही मिळणार आहे, तेव्हा घरं थंड आणि हवेशीर राहतील. पण तुमची आतेबहीण त्याच गल्लीतल्या एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे एप्रिलमध्ये रात्री बारालाही भिंती गरम असतात आणि खिडकी उघडली की हॉर्न आणि धूळ आत येते. दिशा बरोबर असून असं का होतं आणि करारावर सही करण्याआधी आपण काय विचारायला हवं, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे. बांधून झालेली इमारत आतून किती तापते, उजेड आणि वारा किती मिळतो हे तपासायचं आणि नव्या नकाशांवर त्या अंगाने सल्ला द्यायचा, हे काम मी बरीच वर्षं पुण्यात आणि मुंबईत करतो. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. मंजुरीच्या नकाशात प्लॉटच्या हद्दीची रेघ असते. रेघेच्या आत पायरीपायरीचं माप असतं आणि रेघेबाहेर कागद कोरा असतो. फार तर ‘शेजारील मिळकत’ एवढे दोन शब्द लिहिलेले असतात. घरातला उकाडा, अंधार, आवाज आणि धूळ या सगळ्याचा मोठा हिस्सा मात्र त्या कोऱ्या भागातूनच येणार असतो. म्हणून दिशेपेक्षा मोठा प्रश्न हा की आपली इमारत ज्या गल्लीत आणि ज्या शेजाऱ्यांमध्ये उभी राहणार आहे, ती गल्ली आणि ते शेजारी नकाशा काढणाऱ्याने विचारात घेतले आहेत का.

तुमचा प्लॉट मी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडाव्या लागतील. प्लॉट रुंद आहे की चिंचोळा, समोरचा रस्ता किती फुटी आहे, तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर येणार की तेराव्या, घरात दिवसभर कोणी असतं का, एसी रोज लागतो की फक्त मे महिन्यात, यावर उत्तर बदलतं. त्याच इमारतीत खालच्या मजल्याची तक्रार अंधाराची असते आणि वरच्याची उन्हाची.

आधी ‘पूर्वाभिमुख’चा उलगडा करून घ्या. आपल्याकडे फ्लॅटच्या जाहिरातीत पुष्कळदा मुख्य दाराची दिशा सांगतात आणि ते दार लॉबीत उघडतं. ऊन दारातून येत नाही. बैठकीच्या खोलीची मोठी काच आणि बेडरूमची बाहेरची भिंत कोणत्या दिशेला आहे ते विचारा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा दिला की भागतं. पूर्व आणि पश्चिमेला ऊन तिरपं, खिडकीच्या समोरूनच येतं. तिथे नुसता छज्जा पुरत नाही, उभे पडदे, जाळी, झाड किंवा खोल बाल्कनी लागते. एक हिशेब पाहा. बाल्कनीच्या सरकत्या दाराची काच पाच चौरस मीटर, साधी, एकेरी. एप्रिलमध्ये दुपारी चारला पश्चिमेचं थेट ऊन तिच्यावर आलं तर दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता खोलीत येते. म्हणजे दोन हजार वॉटचा हीटर लावून ठेवण्यासारखंच.

आता गल्लीच्या हवेबद्दल. रेटिंगसाठी संगणकावर जो हिशेब करतात त्यात हवामानाची एक फाइल घालतात. वर्षाचे ८,७६० तास, तासागणिक तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा. ही माहिती बहुधा वेधशाळेच्या किंवा विमानतळाच्या मोकळ्या जागेवरची असते. खाली गवत, वर सगळं आकाश, आसपास अडथळा नाही. तुमच्या गल्लीत खाली डांबर आणि पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना काँक्रीट आणि वर आकाशाची एक पट्टी आहे. एकाच शहरात यामुळे किती फरक पडतो ते पुणेकर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात वाचतात. पाषाणचं किमान तापमान आणि मगरपट्ट्याचं किमान तापमान यांत काही अंशांचं अंतर असतं. शहर भोवतालच्या गावांपेक्षा रात्री गरम राहतं हे ल्यूक हॉवर्डने लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोजून लिहून ठेवलं होतं.

‘रात्री’ हा शब्द इथे महत्त्वाचा. जमीन, भिंती, गच्च्या दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर ती आकाशाकडे सोडतात. मोकळ्या माळावर ती झपाट्याने निघून जाते. दोन उंच इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत एक गरम भिंत दुसऱ्या गरम भिंतीकडे तोंड करून असते. एकीने सोडलेली उष्णता बरीचशी दुसरी शोषून घेते. म्हणून अशा गल्ल्यांत दुपारचं तापमान इतर भागांच्या जवळपास असलं तरी रात्र उतरत नाही. तुमच्या आतेबहिणीला जो त्रास होतो त्यातला पहिला भाग हा.

पश्चिमेचा बावीस मजली टॉवर हे सरसकट संकट नाही. समजा त्याची उंची ७० मीटर आहे आणि तुमच्या भिंतीपासून तो १४ मीटरवर आहे. तुमच्या चौथ्या मजल्यावरून, म्हणजे जमिनीपासून साधारण १५ मीटरवरून पाहिलं तर टॉवरचा माथा जवळजवळ ७६ अंशांवर दिसतो. मे महिन्यात सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमाराला डोक्यावर असतो आणि तासाला १५ अंश खाली सरकतो. म्हणजे दीडच्या सुमाराला तो टॉवरमागे जाईल आणि पश्चिमेचं सगळ्यात वाईट ऊन चौथ्या मजल्याला लागणारच नाही. वरच्या मजल्यांना ते आणखी तासभर सोसावं लागेल. मी सल्ला देताना ही सावली जमेच्या बाजूला लिहितो. ज्या भिंतीवर ऊनच पडत नाही तिथे महागडी काच आणि इन्सुलेशन घालण्यापेक्षा तोच पैसा गच्चीवर, पूर्वेच्या काचेवर आणि दक्षिणेच्या भिंतीवर लावा.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र हाच टॉवर तुमच्या विरुद्ध आहे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळची झुळूक आणि पावसाळ्यातला वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिमेकडून येतो. घरात हवा खेळते ती एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो म्हणून. टॉवरच्या आडोशाला बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा होतो. खिडक्या उघड्या असतात, पण हवा हलत नाही. अडलेला वारा टॉवरच्या तोंडावरून खाली घसरतो आणि कोपऱ्यांना वळसा घालून जोरात निघतो. म्हणून अशा इमारतींच्या गेटपाशी पालापाचोळा गरगर फिरताना दिसतो आणि पन्नास फुटांवरच्या मधल्या फ्लॅटमध्ये पडदासुद्धा हलत नाही. लंडनच्या सिटी भागात उंच इमारतींसाठी २०१९ पासून वाऱ्याच्या अभ्यासाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पादचाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना त्रास होऊ नये म्हणून. आपल्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा जोर धरतो आणि २०१५ च्या आवृत्तीत शेजारच्या उंच इमारतीमुळे तो कसा बदलतो याचाही विचार आहे. इमारत वाऱ्याने पडणार नाही याची काळजी घेतली जाते. बेडरूममध्ये झुळूक येईल का, हा प्रश्न मात्र कोणाच्याच कामात बसत नाही. तो तुम्ही विचारायचा.

यावर उपाय आहेत आणि ते नकाशातच करावे लागतात. प्रत्येक फ्लॅटला किमान दोन वेगवेगळ्या दिशांना उघडणाऱ्या खिडक्या मिळायला हव्यात. तुमच्या बाबतीत उत्तर आणि दक्षिण या बाजू मोलाच्या, कारण दोन इमारतींमधून वळून येणारा वारा भिंतीला घासून जातो. तिथे बिजागरीची उघडणारी खिडकी लावली तर तिचं पान बाहेर येऊन तो वारा आत वळवतं. सरकत्या खिडकीला हे जमत नाही, शिवाय दोन ट्रॅकची खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. त्यावर डासांची जाळी लावली की हवा आणखी घटते. जुन्या घरांत दारांवर व्हेंटिलेटर असायचे. रात्री बेडरूमचं दार लावल्यावर आरपार हवेचा रस्ता बंद होतो, तो त्या व्हेंटिलेटरमुळे उघडा राहायचा. ते परत मागायला काहीच हरकत नाही, खर्च नगण्य आहे.

दोन इमारतींमध्ये अंतर किती असावं याबद्दल आपल्याच राज्यातला एक जुना धडा सांगतो, कारण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांची तिरपी रेघ वर काढायची आणि समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच तिच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. दादर-माटुंग्याच्या कॉलन्यांचे रुंद रस्ते आणि मोकळी आवारं त्याच ट्रस्टच्या कामातून आली. आता हाच नियम तुमच्या प्लॉटला लावून पाहा. ७० मीटरच्या टॉवरसमोर ३५ मीटर अंतर लागलं असतं. आजच्या नियमांत उंचीप्रमाणे मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, वाढतं खरं, पण त्याच्या आसपासही जात नाही. अग्निशमन गाडी फिरली पाहिजे हा विचार त्यात आहे, चौथ्या मजल्यावरच्या मुलाला दिवसा दिवा न लावता अभ्यास करता आला पाहिजे हा फारसा नाही.

याची किंमत काय होते ते मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दिसलं आहे. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड इथे इमारती एकमेकींपासून तीन-एक मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा फिरत नाही, आणि डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अंधार-कोंदटपणाशी जोडला गेला. तुमची सोसायटी तशी होणार असं मी म्हणत नाही. पण तत्त्व तेच आहे. नियम पाळले आणि मंजुरी मिळाली म्हणजे घर राहण्याजोगं झालं, असं धरून चालू नका.

तुमच्याकडे उजेडाची एक चाचणी फुकटात करता येते. आर्किटेक्टकडून छेद मागा, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, आणि त्यात शेजारचा टॉवर काढायला सांगा. मग खोलीच्या मध्यावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खिडकीच्या वरच्या कडेला लागून रेघ मारा. ती रेघ आकाशात गेली तर त्या जागेपर्यंत उजेड चांगला असेल. टॉवरच्या भिंतीवर आपटली तर तिथे दिवसाही ट्यूब लागेल. खालच्या तीन-चार मजल्यांचे छेद वेगवेगळे मागा. ज्यांना खालचे मजले मिळणार आहेत त्या सभासदांना हे आत्ताच कळायला हवं, चाव्या मिळाल्यावर नाही. बाल्कनी जितकी खोल तितकी मागची खोली अंधारी, हेही त्याच छेदात दिसेल.

भिंतींकडे वळू. हल्ली बऱ्याच इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतून बांधतात. काम वेगात होतं, सांधे कमी असतात, गळती कमी होते. हे फायदे खरे आहेत. पण १५० मिलिमीटरची काँक्रीटची भिंत २०० मिलिमीटरच्या सिपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीच्या साधारण चौपट उष्णता आत सोडते. दुपारी तीन-चारला बाहेरून तापलेली काँक्रीटची भिंत आतल्या बाजूने तापते ती संध्याकाळी सात-आठला, म्हणजे माणसं घरी येतात तेव्हा. अशा खोलीत रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला तळवा टेकवला आणि मग आतल्या पार्टिशनला टेकवला तर फरक हाताला कळतो. पलंगाची डोक्याची बाजू त्याच भिंतीला असते. पंखा लावला तर तो त्या भिंतीवरचीच गरम हवा अंगावर टाकतो. तुमच्या आतेबहिणीची इमारत या पद्धतीची आहे का ते विचारा. असेल तर तिच्या त्रासाचा दुसरा भाग इथे सापडेल.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात घराच्या भिंती आणि खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा प्रति चौरस मीटर १५ वॉट ठरवली आहे, गच्चीसाठी वेगळी मर्यादा आहे आणि उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के हवं हेही हवामानाप्रमाणे दिलं आहे. डेव्हलपरला विचारा, आमच्या इमारतीचा हा आकडा किती येतो? उत्तर मिळालं नाही तर हिशेब झालेलाच नाही असं समजा. हिशेब झाला असेल तर तो चांगला पाया आहे, पण त्यात तुमच्या भिंती, काच आणि छज्जे येतात, समोरचा टॉवर आणि गल्ली येत नाही. ते वेगळं पाहावंच लागतं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, टॉवर तुम्हाला दुपारची सावली देतो आणि वारा, आकाश, रात्रीचा गारवा घेतो. भिंत काँक्रीटची असेल तर दिवसाची उष्णता रात्री आत येते. त्रासाचा तिसरा भाग एसीचा आहे आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो.

दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो. ती नाहीशी होत नाही. कॉम्प्रेसरने खाल्लेली दीडेक किलोवॉट वीज तिच्यात मिळवून जवळपास सात किलोवॉट उष्णता बाहेरचं युनिट गल्लीत सोडतं. आता ही युनिटं लावतात कुठे ते पाहा. एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग, खराब दिसू नये म्हणून ती मागच्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, ड्राय बाल्कनीत किंवा लोखंडी लूव्हरच्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या, आड दिली जातात. मे महिन्यातल्या रात्री अशा डक्टमध्ये वरच्या मजल्यावरून डोकावलं की गरम हवेचा लोट सरळ तोंडावर येतो. खालच्या प्रत्येक मजल्याच्या युनिटने सोडलेली हवा वर चढते आणि वरचं युनिट तीच आत ओढतं. त्यामुळे वरच्या मजल्यांचे एसी जास्त वीज खाऊन कमी गारवा देतात, आणि कधी कधी रात्री ऐन उकाड्यात कॉम्प्रेसर बंद पडतो. त्याच डक्टमध्ये स्वयंपाकघराची किंवा बाथरूमची खिडकी असेल तर ज्या घरात एसीच नाही त्यालाही ही हवा मिळते. डक्ट किती फुटी आहे, वर उघडा आहे का, खालून हवा आत यायला जागा आहे का, युनिटचं तोंड बाहेरच्या मोकळ्या बाजूला आहे का, आणि दुरुस्तीवाल्याला दोरीवर न लटकता तिथे पोचता येतं का, हे पाचही प्रश्न नकाशावर बोट ठेवून विचारा. शेवटचा प्रश्न सोडू नका, त्या माणसाचा जीव त्यावर असतो.

एसी लागतो याचं एक मोठं कारण आवाज आहे. निवासी भागासाठी नियमाने रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मोठ्या रस्त्यालगत ती पाळली जात नाही हे सांगायला यंत्र लागत नाही. उघडी खिडकी बाहेरच्या आवाजातला फार तर दहा-पंधरा डेसिबलचा हिस्सा अडवते. म्हणून माणूस खिडकी लावतो, खिडकी लावली की एसी लावतो आणि एसी गल्ली आणखी तापवतो. वर गेल्याने शांतता मिळते हा समजही गल्लीत खरा ठरत नाही, कारण समोरासमोरच्या भिंतींवर आपटत आवाज वर चढतो. जाड काच घेतली की काम झालं असंही नाही. सरकत्या खिडकीच्या ब्रशच्या फटीतून आवाज येतच राहतो. रबर गॅस्केटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी पट्टीवर, घट्ट बसणारी बिजागरीची खिडकी आणि दोन काचांमध्ये पातळ थर असलेली लॅमिनेटेड काच ही जोडी खरी उपयोगी. पण त्याहून स्वस्त उपाय नकाशातच आहे. जिना, लिफ्ट, बाथरूम आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला घ्या, झोपायच्या खोल्या मागे. बाल्कनीला नुसत्या काचेच्या रेलिंगऐवजी खाली भरीव कठडा घ्या, म्हणजे रस्त्याचा आवाज थेट खोलीत शिरत नाही. धुळीचंही तसंच. हिवाळ्यातल्या सकाळी हवा साचते तेव्हा रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागची उघडी ठेवता आली पाहिजे. ते दोन दिशांना खिडक्या असल्या तरच शक्य होतं.

काचेच्या इमारतींबद्दल एक इशारा. समोर आरशासारख्या काचेचं ऑफिस असेल तर पश्चिमेचं ऊन त्यावर आपटून तुमच्या पूर्वेच्या खोलीत दुपारी येऊ शकतं, आणि कोणत्याही सूर्यपथाच्या आकृतीत ते दिसत नाही. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या अंतर्वक्र काचेच्या टॉवरने २०१३ साली ऊन असं एकवटलं की खाली उभ्या असलेल्या गाडीचे भाग वितळून वाकले आणि नंतर त्यावर सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. तुमच्या स्वतःच्या इमारतीच्या एलिव्हेशनला डेव्हलपर काच दाखवत असेल तर शेजाऱ्यांसाठी तुम्हीही तेच कराल, हे लक्षात ठेवा.

पावसाचं थोडक्यात. नव्या इमारतीच्या जोत्याची पातळी आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. आपल्याकडे डांबराचा थर जुना न खरवडता वर चढत जातो आणि काही वर्षांत सोसायटीचं आवार रस्त्याच्या खाली जातं. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पूर येऊन काय झालं ते आपण पाहिलं आहे. मीटर रूम, पंप आणि जनरेटर बेसमेंटमध्ये नकोत. आणि दोन टॉवरांमधून वळलेला पाऊस आडवा येतो, त्यामुळे वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना नुसतं सिलिकॉन पुरत नाही. चौकटीला पाणी बाहेर टाकणारी वाट हवी.

झाडांसाठी मात्र थोडं भांडा. तुमच्या जुन्या आवारात जी मोठी झाडं आहेत ती सावली देतात आणि पानांतून पाणी सोडून आसपासची हवा गार करतात. बेसमेंट कुंपणापर्यंत खणलं की नंतर लावायला खरी जमीनच उरत नाही. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या, दोन-तीन फूट मातीत लॉन आणि शोभेची रोपं जगतात, वड-पिंपळ-कडुनिंब नाही. निदान पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या मार्जिनमध्ये बेसमेंट मागे घेऊन एक पट्टा मोकळ्या जमिनीचा मागा. पार्किंगच्या दोन-चार जागा कमी होतील. सर्वसाधारण सभेत यावर वाद होईल हे मला ठाऊक आहे, तरी माझं मत झाडांच्या बाजूने आहे.

आणि कोऱ्या कागदावर फक्त आजचे शेजारी काढून थांबू नका. तुमच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला आज जुना बंगला किंवा तीन मजली सोसायटी असेल तर दहा वर्षांत तिथेही टॉवर येईल. आज त्या बाजूने मिळणाऱ्या वाऱ्यावर सगळा नकाशा बेतला असेल तर तो वारा उधारीचा आहे. आर्किटेक्टला दोन चित्रं काढायला सांगा, एक आजची गल्ली आणि दुसरी सगळे प्लॉट पूर्ण उंचीने भरल्यावरची. दुसऱ्या चित्रातही ज्या खिडक्या चालतात त्याच मोलाच्या. हमखास मिळणारी मोकळी जागा म्हणजे रस्ता आणि तुमचं स्वतःचं आवार.

सभेआधी दोन कामं करा. एप्रिल-मेमध्ये हजारभर रुपयांत मिळणारे तापमान-आर्द्रतेचे दोन डिजिटल मीटर आणा, एक तुमच्या सध्याच्या घरात आणि एक आतेबहिणीकडे ठेवा. आठवडाभर सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री अकराचे आकडे लिहा. रात्री अकराला दोन्हींत जो फरक दिसेल तो सभेत कोणत्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल. दुसरं, सोसायटीचे स्वतःचे सल्लागार असतील तर त्यांच्या कामाच्या यादीत उजेड, वारा आणि उष्णतेची तपासणी लिहून घ्या. बहुतेक वेळा त्यांना चटईक्षेत्र आणि कॉर्पस, म्हणजे डेव्हलपरकडून मिळणारा निधी, एवढंच तपासायला दिलेलं असतं.

जे ठरेल ते करारनाम्याच्या परिशिष्टात आकड्यांनी लिहा. ‘उच्च प्रतीच्या खिडक्या’ या शब्दांना काही अर्थ नाही. त्याऐवजी लिहा की रस्त्याकडच्या बेडरूमची खिडकी बिजागरीची, गॅस्केटची आणि लॅमिनेटेड काचेची असेल, प्रत्येक खोलीचं उघडणारं क्षेत्रफळ इतके चौरस फूट असेल, बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतींना अमुक बाजूंना अमुक जाडीचं इन्सुलेशन असेल, गच्चीवर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक असेल, एसी युनिटांची जागा नकाशात दाखवल्याप्रमाणेच राहील आणि त्यात बदल करायचा तर सोसायटीची लेखी संमती लागेल. चौदा मजल्यांपैकी तिसरा, आठवा आणि तेरावा असे तीन मजल्यांचे छेद शेजारच्या इमारतींसकट त्याच परिशिष्टाला जोडून घ्या. नकाशा आणि छेद मिळाले की प्लॉटची मापं आणि चारी बाजूंच्या इमारतींची उंची कळवा, मग फ्लॅटनिहाय नेमकं सांगता येईल.